सामाईक भिंत आणि उभे राहिलेले घर : १९६१ च्या पुरानंतरच्या पुण्यातील घरदुरुस्तीचा एक उपेक्षित प्रश्न

प्रास्ताविक

दिनांक १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले आणि त्याच दिवशी त्या पाण्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले. मुठेच्या काठावरील शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार इत्यादी पेठा पाण्याखाली गेल्या. या दुर्घटनेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनाचा मुख्य रोख दोन प्रश्नांवर राहिला. धरण का फुटले व त्यास जबाबदार कोण, हा पहिला प्रश्न. त्यासाठी प्रथम न्या. बावडेकर यांचा व त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा. त्या कार्याची धुरा स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाने वाहिली. त्यातून पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पुण्याचा विस्तार पेठांबाहेर वेगाने झाला.

या लेखनात घरांचे दोनच वर्ग आढळतात. एक पडलेली घरे व दुसरी वाचलेली घरे. प्रस्तुत निबंधाचा विषय या दोहोंच्या मधला आहे. स्वतः उभे राहिलेले, परंतु ज्याच्याशी भिंतीला भिंत लागून होती ते शेजारचे घर पडल्यामुळे एका बाजूने उघडे पडलेले घर, हा तो विषय होय. अशा घराची दुरुस्ती कोणी करावयाची, कोणाच्या खर्चाने करावयाची आणि मुळात ती करता येते काय, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे. त्यासाठी पेठांतील घरांची बांधणी, तत्कालीन कायदा आणि आजही डोळ्यांना दिसणाऱ्या भिंती या तीन साधनांचा आधार घेतला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न बांधकामापेक्षाही कायद्याच्या रचनेचा होता. कायदा घर हे एकक मानून चालत होता, तर पेठ ही घरांच्या ओळीने उभी होती.

पेठांतील घरांची बांधणी

पेशवेकालीन व त्यानंतरच्या वाड्यांचा सांगाडा लाकडी असे. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि त्यांवर कडीपाट अशी ही रचना होती. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणत आणि घराचे माप खणांत सांगत. भिंती बहुधा या सांगाड्यामध्ये भरलेल्या असत. जोते दगडाचे, त्यावर काही उंचीपर्यंत भाजलेली वीट आणि वरच्या मजल्यांवर कच्ची वीट किंवा पांढरीची माती, असा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो. कच्च्या विटेचे बांधकाम स्वस्त, हलके आणि उन्हाळ्यात थंड. त्याची एकच अट असते, ती म्हणजे पाणी लागू न देणे. म्हणून रस्त्याकडील दर्शनी भिंतीला चुन्याचा गिलावा होई, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छपराचे पाखे पुढे काढलेले असत.

बाजूच्या भिंतीस मात्र यांपैकी कोणतेच संरक्षण नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. बाजूला शेजाऱ्याचे घर होते. दोन्ही घरांच्या तुळयांची टोके एकाच भिंतीत दोन्ही अंगांनी शिरलेली असत, किंवा दोन भिंती पाठीला पाठ लावून इतक्या जवळ उभ्या असत की त्यांच्यामध्ये हात जाऊ नये. ती भिंत दोन्हीकडून घराच्या आतलीच भिंत होती. तिच्यात कोनाडे, दिवळ्या, फडताळे काढलेली असत. खरेदीखतातील चतुःसीमेत अशा बाजूस ‘सामाईक भिंत’ एवढीच नोंद केली जाई. पुढे नगर भूमापन झाले तेव्हा नकाशावर या भिंतीच्या जागी एक रेघ आली. भिंतीची जाडी त्या रेघेत कोणाकडे किती गेली, हा प्रश्न भिंत उभी असेपर्यंत कोणी विचारीत नाही.

ओळीतली घरे एकमेकांना धरून उभी राहतात. जुने गवंडी हे जाणत असत. खांब किंचित कलले, जोत्याचा कोपरा खचला तरी शेजारच्या घराचे वजन त्यास आवरून धरी. म्हणून ओळीतील एक घर काढावयाचे झाल्यास आधी दोन्हीकडच्या घरांना धिरे लावीत, मगच कुदळ मारीत. पुराने अर्थातच ही सवड दिली नाही.

१२ जुलैचे पाणी आणि नंतरचा पाऊस

पुराच्या पाण्याने घरांची जी हानी केली तिचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. वेगाने येणाऱ्या लोंढ्याने काही घरे थेट पाडली. परंतु कच्च्या विटेचा खरा शत्रू वेग नसून भिजणे हा आहे. पाणी काही तास भिंतीत मुरले की माती आपली ताकद सोडते आणि पाणी ओसरताना, बाहेरून मिळणारा दाब गेल्यावर, भिंत बसते. तिच्यामागोमाग तुळया उतरतात. जेथे भाजलेल्या विटेचे बांधकाम उंचावर नेले होते किंवा जोते दोन हात अधिक होते तेथे घर वाचले. त्यामुळे एकाच ओळीत एक घर उभे आणि लगतचे भुईसपाट असे घडणे स्वाभाविक होते. यामागे दैवापेक्षा घर बांधतानाची ऐपत अधिक होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.

तारीख जुलैची होती, हे पुष्कळदा विसरले जाते. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे पूर ओसरला तेव्हा पावसाळ्याचे जवळपास अडीच महिने बाकी होते. शेजारचे घर गेल्यामुळे उघडी पडलेली भिंत आता पावसाच्या झडीत उभी होती. तुळयांची टोके उपटून निघाल्याने तिला जागोजाग भगदाडे पडलेली. शेजाऱ्याच्या छपराचा तिच्यावरचा आडोसा गेलेला. तिच्या पायथ्याशी शेजारच्या ढिगाऱ्याची ओली माती साचलेली. ही माती जोत्यातून पाणी आत ढकलीत राहते. असे घर पुरातून वाचले असे म्हणणे म्हणजे त्याचे पडणे लांबणीवर गेले, एवढेच होते.

तातडीचे उपाय सर्वांस ठाऊक होते. लाकडी धिरे लावणे, भगदाडे भरणे, ढिगारा जोत्यापासून दूर करणे, भिंतीवर पन्हाळी पत्रे ठोकणे आणि हवामान कोरडे झाल्यावर बाहेरून गिलावा करणे. पैकी एकही काम स्वतःच्या घरात उभे राहून करता येत नाही. धिऱ्याचा पाय शेजाऱ्याच्या जागेत रोवावा लागतो. परांची त्याच्या जागेत बांधावी लागते. ढिगारा तर त्याच्याच मालकीचा, आणि त्यात त्याचा संसार पुरलेला. शेजारी स्वतः निर्वासित छावणीत असताना त्याची संमती मागावयास कोणी व कोठे जावे?

मदतीचे प्रशासन घरोघर पंचनामा करून चालते. पंचनाम्याची रीत घराला घर म्हणून पाहते. किती पडले, किती उरले, किती रकमेचे नुकसान झाले. उभ्या घराचे नुकसान त्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत झालेले असेल तर ते मांडण्यास पंचनाम्यात रकाना नसतो. हा दोष १९६१ च्याच प्रशासनाचा होता असे नाही. पंचनाम्याची पद्धत आजही मूलतः तीच आहे.

कायद्यातील भिंत

अशा स्थितीत कायदा काय सांगत होता हे पाहणे उद्बोधक ठरते. शेजारधर्माचा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तूविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात दोन घरांमधील अंतर, पागोळ्या, सांडपाण्याचे मार्ग यांचे नियम देऊन, परस्परांस अपाय होत नसेल तर शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून निराळी रचना करावी अशीही मुभा दिली आहे. मात्र १९६१ च्या पुण्यात लागू असलेला कायदा या परंपरेतून आलेला नव्हता. तो होता १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, जो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू करण्यात आला.

इंग्रजी न्यायालयांनी सामाईक भिंतीचे स्वरूप तत्पूर्वीच निश्चित करण्याचा प्रयत्न केला होता. १८८० च्या वॉटसन विरुद्ध ग्रे या खटल्यात न्या. फ्राय यांनी या संज्ञेचे चार अर्थ सांगितले. भिंत दोघांच्या अविभक्त मालकीची असू शकते. ती उभी चिरल्याप्रमाणे अर्धी एकाची व अर्धी दुसऱ्याची असू शकते. ती पूर्णपणे एकाची असून दुसऱ्यास तिच्यावर केवळ सुविधाधिकार असू शकतो. किंवा दोन अर्ध्या भागांवर परस्परांचे अधिकार असू शकतात. आपल्याकडील न्यायालयांतही या वर्गीकरणाचा आधार घेतला गेला आहे. खरेदीखतात नुसते ‘सामाईक भिंत’ लिहिलेले असताना यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा हे ठरविणे म्हणजे एक स्वतंत्र दावाच.

सुविधाधिकार कायद्याचे कलम १५ घरमालकास दिलासा देणारे दिसते. शेजारच्या जमिनीचा वा बांधकामाचा आधार २० वर्षे निर्वेधपणे मिळाला असेल तर त्या आधाराचा हक्क प्राप्त होतो. पेठांतील घरे शंभर-दीडशे वर्षांची. तेव्हा आधाराचा हक्क बहुतेकांस होताच. परंतु पुढील कलमे वाचली म्हणजे या हक्काचे खरे बळ कळते. कलम २५ नुसार हा हक्क टिकविण्यासाठी लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च हक्क असणाऱ्यानेच करावयाचा. कलम २७ नुसार ज्याच्या मिळकतीवर हक्क आहे त्याच्यावर काहीही करून देण्याचे बंधन नाही, त्याने फक्त अडथळा आणू नये. कलम ४५ नुसार दोहोंपैकी एक मिळकत पूर्णतः नष्ट झाली की हक्कच संपतो. आणि कलम ५१ नुसार ती इमारत २० वर्षांच्या आत त्याच जागी पुन्हा बांधली गेली तर तो पुनरुज्जीवित होतो.

या चार कलमांचा पुराच्या संदर्भात एकत्रित अर्थ असा. शेजाऱ्याने स्वतःहून घर पाडले असते तर त्यास जाब विचारता आला असता. पाण्याने पाडले, तेव्हा जाब कोणासच विचारता येत नाही. आधाराचा हक्क भिंतीबरोबर वाहून गेला. शेजाऱ्याने घर पुन्हा बांधले तर तो परत येईल, न बांधले तर १२ जुलै १९८१ नंतर तोही मार्ग बंद.

आधाराचे हे झाले. पावसापासून संरक्षणाचे काय? योगायोग असा की नेमक्या याच काळात हा प्रश्न इंग्लंडमधील वॉरिक गावातून अपील न्यायालयापुढे आला होता. एका जुन्या घराला अगदी खेटून, पण त्यात न गुंफता, १९३० च्या सुमारास दुसरे घर बांधले गेले होते. खेटलेल्या बाजूस गिलावा करणे शक्य नव्हते व आवश्यकही वाटले नव्हते. १९६२ मध्ये स्थानिक परिषदेच्या आदेशाने जुने घर पाडण्यात आले. उघड्या पडलेल्या भिंतीत पाणी शिरले, थंडीत ते गोठले व भिंतीस तडे गेले. फिप्स विरुद्ध पिअर्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी १९६४ मध्ये निर्णय दिला की हवामानापासून संरक्षण मिळण्याचा सुविधाधिकार कायद्यास ज्ञात नाही. प्रत्येकास आपले घर पाडण्याचा हक्क आहे, शेजाऱ्याने आपल्या भिंतीची काळजी आपण घ्यावी. या निर्णयावर पुढे टीका झाली. १९८३ च्या ब्रॅडबर्न विरुद्ध लिंडसे खटल्यात जोडघर सडू देणाऱ्या मालकास जबाबदार धरले गेले. १९९६ च्या सामाईक भिंतविषयक इंग्रजी कायद्याने तर भिंत उघडी करणाऱ्यावर तिला पावसापासून पुरेसे संरक्षण देण्याची जबाबदारी टाकली. ज्या देशाकडून आपण सुविधाधिकाराची चौकट घेतली त्या देशाने ती अशी दुरुस्त केली. आपल्या १८८२ च्या कायद्यात मात्र याला समांतर तरतूद आलेली नाही.

लंडनचा जुना दाखला

आपत्तीनंतर ओळीतल्या घरांचा प्रश्न ओळ म्हणूनच सोडविता येतो, याचे उदाहरण त्याच इंग्लंडच्या इतिहासात फार पूर्वीचे आहे. सप्टेंबर १६६६ च्या आगीत लंडनमधील सुमारे १३,२०० घरे व ८७ चर्च जळाली. त्यानंतर दोन कायदे झाले. एकाने अग्निन्यायालय स्थापन केले. राजन्यायालयांचे न्यायाधीश क्लिफर्ड्‌स इन येथे बसून मालक व भाडेपट्टेदार यांच्यातील तंटे झटपट निकालात काढीत. पट्ट्यात दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवर असली तरी ती जशीच्या तशी न लादता, कोण बांधण्यास समर्थ आहे हे पाहून ते पट्ट्याची मुदत वाढवीत वा भाडे कमी करीत. दुसरा कायदा १६६७ चा पुनर्बांधणीचा. त्याने घरे वीट-दगडाची असावीत असे ठरविलेच, पण सामाईक भिंतीपुरता एक साधा नियमही घालून दिला. भिंत दोघांच्या जागेत समान बसवावी. जो आधी बांधील त्याने ती पूर्ण बांधावी. आणि शेजारी नंतर बांधू लागला की त्याने भिंतीचा निम्मा खर्च व्याजासह चुकता करावा. तंटा झाल्यास नगराचे मोजणीदार निर्णय देतील.

या नियमातील शहाणपण असे की त्याने आधी बांधणाऱ्याची भीती घालविली. आपण भिंतीवर केलेला खर्च शेजाऱ्याच्या पदरात फुकट जाईल ही ती भीती. पुण्यात याच भीतीने किती भिंती अर्धवट राहिल्या याचा हिशोब मांडता येणार नाही, पण कलम २५ वाचलेल्या कोणासही तिचे मूळ समजेल. अर्थात लंडनमध्ये सर्वच घरे नव्याने बांधावयाची होती. पुण्यात निम्मी ओळ उभी होती, आणि उभे घर पडलेल्या घराहून कायद्यास अधिक अडचणीचे असते.

भाडेकरू, मालक आणि रिकामी जागा

पुण्याच्या प्रश्नास आणखी एक पदर होता तो भाड्याचा. पेठांतील वाड्यांत एकेका खणात-दोन खणांत राहणारी बिऱ्हाडे होती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले होते. त्याच कायद्याने घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि मालक चुकल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, असे म्हटले. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एका मर्यादित हिश्श्यापर्यंतच. अशा हिश्श्यातून गळणारी कौले बदलता येतात, दोन मजली भिंत बाहेरून बांधून काढता येत नाही. भाडेकरूस घर सोडवत नव्हते, कारण तेवढ्या भाड्यात दुसरीकडे जागा नव्हती. मालकास खर्च करवत नव्हता, कारण तो भाड्यातून कधीच फिटला नसता. दोघांनाही दोष देता येतो आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

शेजारच्या रिकाम्या जागेचीही हीच गत. तेथील अनेक कुटुंबे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत गेली. त्यांच्या दृष्टीने हे पुनर्वसन होते व ते योग्यच होते. पण मागे उरलेल्या घराच्या दृष्टीने पाहता, जो शेजारी परत येऊन बांधील अशी आशा होती तोच सरकारी धोरणाने दूर गेला. जागेवर मालकाचा हक्क, पडलेल्या वाड्यातील भाडेकरूंचे दावे आणि वारसांच्या वाटण्या यांत ती जागा अडकली. घर पडल्यावर भाडेकरूचा हक्क उरतो की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने आधी एक मत दिले आणि २०१४ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवून, इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे या मुद्द्यावर स्पष्टता येण्यास पानशेतनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

मुंबईने दुसरी वाट धरली. तेथील जुन्या चाळी व इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्ती हे मालक-भाडेकरूंच्या भांडणापलीकडचे सार्वजनिक काम ठरले. १९७६ च्या म्हाडा कायद्यात ही व्यवस्था समाविष्ट झाली. या व्यवस्थेतील दोष सर्वज्ञात आहेत आणि तिचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ती मुंबई बेटापुरती मर्यादित राहिली. जे शहर आठ वर्षे आधी वाहून गेले होते त्याच्या पेठांना तिचा लाभ मिळाला नाही. पुण्यात महापालिकेच्या हाती उरले ते १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याचे कलम २६४, म्हणजे पडाऊ बांधकाम दुरुस्त करा वा उतरवून घ्या अशी नोटीस. नोटीस उभ्या घरालाच लागते. शेजारच्या मोकळ्या जागेला ती कशी लागणार?

भिंतीवरील खुणा

पुण्याच्या पेठांतून हिंडताना, मग कारण पूर असो वा नंतरची पडझड, एका बाजूस पन्हाळी पत्रे ठोकलेले जुने वाडे दृष्टीस पडतात. पत्रे जेथे गंजून गळाले आहेत तेथे आतली भिंत दिसते. पहिल्या मजल्याच्या उंचीवर तुळयांच्या भोकांची ओळ, तिच्यावर धुराने काळवंडलेला चौकोन, म्हणजे शेजाऱ्याचे स्वयंपाकघर. एखादा देवाचा कोनाडा, त्यात तेलाचा डाग. जिन्याच्या पायऱ्यांचा तिरपा माग. गिलाव्याचे एकावर एक चढलेले निळे-हिरवे थर. गेलेल्या घराची एवढीच नोंद उरते, आणि ती उरलेल्या घराने अंगावर वागविलेली असते. नगरेतिहासाच्या अभ्यासकांनी अशा भिंतींचे छायाचित्रण व मोजमाप करून ठेवावे, असे सुचवावेसे वाटते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल, आणि त्याला फार खर्चही नाही.

या भिंती आता वेगाने झाकल्या जात आहेत. रिकाम्या जागांवर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहात आहेत. त्यांचा सांगाडा स्वतःच्या खांबांवर उभा असल्याने त्या शेजाऱ्यास टेकत नाहीत व त्याला टेकूही देत नाहीत. नियमाने वा सोयीने जेथे बाजूस थोडी जागा सोडली गेली तेथे जुन्या भिंतीच्या आणि नव्या इमारतीच्या मध्ये हातभर रुंदीची खाच राहते. तिच्यात दोन्हीकडच्या छपरांचे पाणी उतरते, आणि जुन्या भिंतीला बाहेरून गिलावा करावयाचा म्हटले तर परांची बांधण्यास किंवा गवंड्यास आत उभे राहण्यास तेथे जागा नसते.